बहुपदी समीकरणांची सिस्टिम सोडवायची? रन मारायच्या आधी ती किती अवघड आहे ते असं मोजा

बहुपदी समीकरणांची सिस्टिम कॉम्प्युटरला द्यायची, सॉल्व्ह म्हणायचं आणि वाट बघत बसायचं, असं आपल्याकडं लई जण करतात. शिवाजी विद्यापीठात एमेस्सी करणारी पोरं असूदेत नाहीतर शिरोली एमआयडीसीत रोबोचा हात बसवणारे इंजिनिअर. रात्रभर मशीन चालू ठेवतात, सकाळी बघतात तर रॅम भरून प्रोग्रॅम पडलेला, आणि मग म्हणतात लॅपटॉप कमी पडला. बहुतेक वेळा लॅपटॉपचा काही दोष नसतो. प्रश्न ज्या पद्धतीनं विचारला त्या पद्धतीत त्याचं उत्तरच एवढं मोठं असतं की कुठलंही मशीन लावा, मावणार नाही. आणि तोच प्रश्न जरा वळवून विचारला की दोन मिनिटात सुटतो. हा अंदाज आधी कागदावर काढता येतो, त्याला दहा-पंधरा मिनिटं लागतात, आणि तो कसा काढायचा तेच इथं लिहितोय.

आधी एक उदाहरण हातानं

फौंड्रीत कास्टिंग उचलायला दोन तुकड्यांचा रोबोचा हात आहे असं धरा. खांदा (०, ०) वर, दोन्ही तुकडे ५ युनिट लांब, आणि पंजा (७, १) वर न्यायचाय. कोपर कुठं येईल? कोपर (क्ष, य) वर आहे म्हटलं की दोन समीकरणं झाली:

क्ष² + य² = २५
(क्ष − ७)² + (य − १)² = २५

दोन्ही २ घाताची. आता पहिल्यातनं दुसरं वजा करा, वर्ग सगळे उडतात आणि राहतं ७क्ष + य = २५. म्हणजे य = २५ − ७क्ष. हे पहिल्यात घाला, आवरा, की क्ष² − ७क्ष + १२ = ०. क्ष ३ किंवा ४. कोपर (३, ४) वर नाहीतर (४, −३) वर. एकदा कोपर वर, एकदा खाली, दोन्ही बरोबर.

यात सगळा विषय आलाय. शेवटी आपल्याकडं एकाच चलातलं एक समीकरण आलं आणि दुसरा चल पहिल्याच्या भाषेत आला. मोठमोठी सॉफ्टवेअरं पण हेच करतात, सिस्टिमला या आकारात आणतात. फरक एवढाच की चल २ च्या जागी १२ असले तर हा एका चलातला बहुपदी हजारो घाताचा होऊन बसतो, आणि त्याचे सहगुणक शेकडो आकडी. हाताच्या उदाहरणावर कंटाळा करू नका. श्रीराम अभ्यंकर, ज्यांनी पुण्यात १९७६ साली भास्कराचार्य प्रतिष्ठान काढलं, ते आयुष्यभर हायस्कूलच्या बीजगणिताची बाजू घेऊन भांडले, चल उडवायची जुनी रीत टाकून देऊ नका म्हणून. या विषयात ते किती बरोबर होते ते रोज दिसतं.

पायरी १: उत्तर कुठल्या संख्यांत पाहिजे ते ठरवा

वरचाच पंजा (११, ०) वर न्यायचा म्हटला तर? हात पूर्ण ताणला तरी १० च होतो, पोचणार नाही. पण बीजगणित थांबत नाही, ते क्ष = ५.५ देतं आणि य² = −५.२५. कॉम्प्लेक्स संख्यांत उत्तर आहे, रिअलमध्ये नाही. सॉफ्टवेअरनं "२ उकली मिळाल्या" म्हटलं म्हणून खूश व्हायचं नाही, कशात मिळाल्या ते बघायचं.

आणि हा नुसता उत्तर तपासायचा मुद्दा नाही, अवघडपणाच इथं बदलतो. पूर्णांकांत उत्तर पाहिजे असेल तर १९७० साली युरी मातियासेविच यांनी हिल्बर्टच्या दहाव्या प्रश्नाचा शेवट केला: अशी कुठलीही रीत असूच शकत नाही की जी प्रत्येक पूर्णांक समीकरणाला उत्तर आहे की नाही ते सांगेल. हळू चालते असं नाही, रीतच नाही. परिमेय संख्यांत काय होतं ते आजपण सुटलेलं नाही. रिअलमध्ये मात्र रीत आहे, टार्स्कींनी ती दिली, १९७५ मध्ये कॉलिन्स यांनी तिला कॉम्प्युटरवर चालेल असं रूप दिलं, आणि १९८८ मध्ये जॉन कॅनी यांनी दाखवलं की "निदान एक रिअल उकल आहे का" एवढंच विचारलं तर ते पीस्पेसमध्ये बसतं, म्हणजे मेमरी आवाक्यात राहते, वेळ कितीपण लागू दे. कॉम्प्लेक्समध्ये अजून बरं: पूर्णांक सहगुणकांच्या सिस्टिमला कॉम्प्लेक्स उकल आहे का हा प्रश्न, रीमान गृहीतकाचं व्यापक रूप खरं धरलं तर, एनपीच्या (उत्तर हातात दिलं तर ते पटकन तपासता येतं अशा प्रश्नांच्या वर्गाच्या) फार वर जात नाही असं १९९६ मध्ये पास्कल कॉयरान यांनी दाखवलं. आणि फक्त ० आणि १ मध्ये, मोड्युलो २ (२ नं भागून उरणारी बाकीच धरायची) काम असेल तर प्रश्न एनपी-कम्प्लीट, म्हणजे एनपीतल्या सगळ्यात अवघड प्रश्नांपैकी, पण चल ३० च्या आसपास असतील तर सगळी बीजगणितं बाजूला ठेवा आणि सगळे पर्याय तपासा. २ चा ३० वा घात म्हणजे १०७ कोटी, सी मध्ये नीट लिहिलेला प्रोग्रॅम साध्या मशीनवर ते करून टाकतो.

तर कागदावर पहिली ओळ ही लिहा: कुठल्या संख्या, आणि सगळ्या उकली पाहिजेत, एकच पाहिजे, का फक्त आहे-नाही कळलं तरी चालेल. हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि यांची किंमत वेगळी आहे. प्रोजेक्टवाली पोरं नव्वद टक्के वेळा "सगळ्या" मागतात आणि गरज एकाचीच असते.

पायरी २: उकली किती असू शकतात ते मोजा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, इथं वेळ घाला.

बेझूचा नियम सोपा आहे, सगळ्या समीकरणांच्या घातांचा गुणाकार करा, सुट्या कॉम्प्लेक्स उकली त्याच्यापेक्षा जास्त असू शकत नाहीत. दोन वर्तुळांना २ × २ = ४. वर्गाची १० समीकरणं १० चलांत असली तर १०२४. वीसला वीस असली तर १०,४८,५७६. तीसला तीस असली तर १०७ कोटींच्या वर. इथं लक्षात घ्या, हा वेळ नाहीय, हे नुसतं उत्तर आहे. सगळ्या उकली छापायच्या म्हटल्या तरी एवढ्या ओळी छापाव्या लागणार, आणि त्याच्याहून कमी वेळात कुठलीच रीत ते करू शकत नाही. अल्गोरिदम किती पण भारी असूदे.

पण बेझूचा आकडा ही फक्त वरची मर्यादा आहे, आणि खरे प्रश्न बऱ्याचदा तिच्या लई खाली असतात. आपल्या रोबोलाच बघा, बेझू म्हणतो ४ आणि निघाल्या २. उरलेल्या दोन अनंतावर गेल्या, कारण दोन्ही समीकरणांचा वर्गाचा भाग सारखाच होता. वजाबाकी करून एक समीकरण सरळ रेषेचं केलं की बेझूचा आकडा लगेच २ × १ = २ झाला. प्रश्न तोच, लिहायची पद्धत बदलली, आकडा निम्मा. म्हणून मी सांगतो, आधी समीकरणं एकमेकांतनं वजा करून बघा, समान भाग उडतोय का बघा, एखादा चल सरळ सरळ काढता येतोय का बघा.

अजून ठळक उदाहरण पाहिजे असेल तर मॅट्रिक्सचे आयगेनव्हॅल्यू घ्या (मॅट्रिक्सनं गुणल्यावर व्हेक्टर नुसता लॅम्डा पट होतो, तो लॅम्डा). २० बाय २० मॅट्रिक्स, व्हेक्टरचे २० घटक आणि एक लॅम्डा, असे २१ चल. समीकरणं २० वर्गाची (लॅम्डा गुणिले घटक, म्हणून घात २) आणि एक सरळ, व्हेक्टरचं स्केल बांधायला. बेझू म्हणतो १० लाखाच्या वर उकली. खऱ्या उकली साधारणपणे २०. आणि आयगेनव्हॅल्यू काढायला कुणी ग्रोबनर बेसिस (सिस्टिम सोडवायची सर्वसाधारण रीत, पायरी ४ मध्ये येते) लावत नाही, सेकंदाच्या आत निघतात. चलांचे दोन गट पडतात आणि प्रत्येक पदात दोन्ही गटातला एकेकच चल येतो, ही रचना बेझूला दिसत नाही. तुमच्या सिस्टिममध्ये असे गट पडतात का ते आधी शोधा. पदंच कमी असतील, म्हणजे बरेच सहगुणक शून्य असतील, तर बर्नस्टाइन यांचा १९७५ चा नियम वापरा: प्रत्येक समीकरणातल्या घातांचे बिंदू मांडायचे, त्यांचे बहुतल करायचे आणि त्यांचं मिक्स्ड व्हॉल्यूम (त्या बहुतलांवरनं निघणारा एक आकडा) काढायचं. सगळे चल शून्य नसलेल्या सुट्या उकली तेवढ्याच किंवा कमी. पीएचसीपॅक नावाचं सॉफ्टवेअर हे करून देतं, हातानं करायची गरज नाही.

मेकॅनिकलवाल्यांसाठी दोन आकडे पाठ करण्यासारखे आहेत. सहा फिरत्या सांध्यांच्या हाताला पंजा एका जागी ठेवायला जास्तीत जास्त १६ उकली असतात. आणि सहा पायांच्या स्टुअर्ट प्लॅटफॉर्मला पायांच्या लांब्या दिल्या तर कॉम्प्लेक्समध्ये ४० उकली. सरळसोट लिहिलं तर बेझूचे आकडे याच्या कितीतरी पट येतात. तुमचा सॉल्व्हर सहा सांध्यांच्या हाताला १६ पेक्षा जास्त देत असेल तर काहीतरी दोनदा मोजलंय, नाहीतर समीकरण चुकलंय.

पायरी ३: समीकरणं चलांपेक्षा जास्त आहेत का?

बऱ्याच जणांना वाटतं समीकरणं वाढली की काम वाढलं. उलट आहे.

२० चल, वर्गाची समीकरणं. यात येऊ शकणारी पदं मोजा: २० एकेरी, २० वर्ग, आणि दोन-दोनच्या जोड्या १९०. एकूण २३०. आता तुमच्याकडं २० च्या जागी अशी २३० स्वतंत्र समीकरणं असली तर प्रत्येक पदाला एक नवीन चल समजा आणि साधं गाऊसचं एलिमिनेशन लावा. २३० चा घन म्हणजे १ कोटी २१ लाख ६७ हजार, डोळ्याची पापणी लवायच्या आत. तेच २० चल, पण २० समीकरणांना १० लाख उकलींचं जंगल आणि २३० समीकरणांना सरळ गणित. मधल्या आकड्यांना अवघडपणा हळूहळू उतरत जातो. म्हणून तुमच्याकडं जादा माहिती असेल (सेन्सरचं एखादं रीडिंग, सममिती, एखादी राशी कायम राहते असं काही) तर ती समीकरण म्हणून घाला, रिडंडंट आहे म्हणून काढून टाकू नका.

क्रिप्टोग्राफीत याचीच लढाई चालते. २००३ मध्ये फोजेर आणि जू या दोघांनी एचएफई नावाच्या गुप्तलेखनाच्या पद्धतीचं आव्हान तोडलं, मोड्युलो २ वर ८० चल आणि ८० समीकरणं. ८० ला ८० सर्वसाधारण सिस्टिम असती तर कुणाच्या बापाला सुटली नसती, पण आत लपवलेली रचना होती आणि ती ग्रोबनर बेसिसला सापडली. २०२२ मध्ये वॉर्ड बॉयलेन्स यांनी रेनबो ही डिजिटल सही करायची पद्धत एका लॅपटॉपवर वीकेंडभरात तोडली. दोन्हीकडं हाच धडा, रचना असली की आकडे फसवतात.

सगळ्यांना चालणारी फास्ट रीत का मिळत नाही

हे एकदा समजून घेतलं की उगाच शोधत बसणार नाही. कोल्हापूर जिल्ह्याचा नकाशा घ्या, १२ तालुके. तीन रंगांत रंगवायचाय, शेजारचे दोन तालुके एका रंगाचे नकोत. प्रत्येक तालुक्याला एक चल द्या आणि लिहा चल³ = १. कॉम्प्लेक्समध्ये १ ची तीन घनमुळं, ते झाले तीन रंग. शिरोळला क आणि हातकणंगल्याला ख दिला, दोघं शेजारी, तर त्यांच्यासाठी समीकरण क² + कख + ख² = ०. क आणि ख सारखे असले तर हे ३क² होतं, म्हणजे शून्य होत नाही. वेगळे असले की आपोआप शून्य, कारण क³ − ख³ ला क − ख नं भागलं की हेच उरतं. अशी प्रत्येक शेजारजोडीची समीकरणं लिहिली की नकाशा रंगवायचा प्रश्न बहुपदी सिस्टिम झाला. १२ तालुक्यांना ३ चा १२ वा घात, म्हणजे ५,३१,४४१ पर्याय, हे मशीनला काहीच नाही. पण कुठलाही नकाशा तीन रंगांत बसतो का हा प्रश्न एनपी-कम्प्लीट आहे, आणि आपण तो २ आणि ३ घाताच्या समीकरणांत बसवला. म्हणजे सगळ्या बहुपदी सिस्टिम झटपट सोडवणारी रीत सापडली तर एनपीमधले सगळे प्रश्न झटपट सुटले. तशी रीत कुणाकडं नाही.

उकल नसली तर काय होतं तेही इथं दिसतं. नकाशा तीन रंगांत बसत नसेल तर ग्रोबनर बेसिस फक्त "१" येतो. म्हणजे समीकरणांना कसल्यातरी बहुपदींनी गुणून बेरीज केली की १ = ० निघतं, आणि तोच "जमत नाही" याचा लेखी पुरावा. हिल्बर्टच्या नुलश्टेलनझाट्झ नावाच्या प्रमेयानं असा पुरावा असतोच हे सांगितलं, आणि १९८८ मध्ये यानोश कोलार यांनी तो किती मोठा होऊ शकतो त्याची जवळजवळ नेमकी मर्यादा दिली: घाताचा चलसंख्येएवढा घात, साधारण.

पायरी ४: ग्रोबनर बेसिसचं मॅट्रिक्स किती मोठं होईल

ब्रुनो बुखबर्गर यांनी १९६५ च्या पीएचडीत ही रीत दिली आणि गुरूंच्या नावावरनं नाव ठेवलं. आतून ती म्हणजे समीकरणांना पदांनी गुणून गुणून मोठं मॅट्रिक्स करणं आणि गाऊस लावणं. फोजेर यांच्या एफ४ (१९९९) आणि एफ५ (२००२) मध्ये तर हे उघड उघड दिसतं. कुठल्या घातापर्यंत जावं लागेल याचा अंदाज: प्रत्येक समीकरणाच्या घातातनं १ वजा, सगळ्यांची बेरीज, अधिक १. वर्गाची १० समीकरणं असली तर ११. मग १० चलांत ११ घातापर्यंतची पदं मोजा, ३,५२,७१६. एवढे मॅट्रिक्सचे कॉलम. पूर्ण भरलेलं मॅट्रिक्स धरलं आणि एका आकड्याला ४ बाइट, तर सुमारे ५०० जीबी. खरं तर ते विरळ असतं आणि सॉफ्टवेअर तुकड्यातुकड्यानं करतं म्हणून १० चल आरामात होतात. १५ चलांना कॉलम ३० कोटींच्या वर. २० ला जवळजवळ २७ हजार कोटी. म्हणून वीसला वीस सर्वसाधारण वर्गसमीकरणं असतील तर या वाटेनं जाऊच नका.

हे सगळं उकली मोजक्या असतील तेव्हाचं. उकलींची रेषा किंवा पृष्ठभाग निघत असेल तर धोका वेगळा. १९८२ मध्ये मायर आणि मेयर यांनी अशी उदाहरणं दिली की जिथं घात चलसंख्येच्या डबल एक्स्पोनेन्शिअलनं वाढतो, म्हणजे घाताच्या घातात. मोजक्या उकली असल्या की एकच मजला राहतो. त्यामुळं डायमेन्शन (मोजक्या उकलींना ०, रेषेला १, पृष्ठभागाला २) आधी तपासा, आणि ते शून्य नसेल तर एखादा चल बांधून टाका नाहीतर एखादं समीकरण राहिलंय का बघा. रोबोच्या प्रश्नात बऱ्याचदा साइन-कोसाइनचं क² + ख² = १ हे घालायचंच राहिलेलं असतं.

पायरी ५: प्रत्यक्ष चालवताना

सुरुवात कधीच परिमेय संख्यांवर करू नका. मधल्या पायऱ्यांत सहगुणक फुगतात, समीकरणात दोन आकडी असलेले मधे शेकडो आकडी होतात, आणि रॅम त्यानंच भरते. आधी ३२००३ सारख्या मूळ संख्येच्या मोड्युलोवर चालवा, सिंग्युलर किंवा सेज या दोन्ही सॉफ्टवेअरांत एका ओळीचं काम आहे. तिथं डायमेन्शन आणि उकलींची संख्या कळते, आणि मूळ संख्या अगदीच वाईट निघाली नाही तर खऱ्या प्रश्नाचीपण तीच असते. खात्रीसाठी दुसऱ्या मूळ संख्येवर परत बघा. इथंच अडकलं तर परिमेयवर होण्याचा प्रश्नच नाही.

दुसरं, पदांचा क्रम. एकेक चल उडवणारा लेक्स क्रम सरळ मागू नका, ग्रेव्हलेक्समध्ये (पदाचा एकूण घात आधी बघणारा क्रम) बेसिस काढा आणि मग १९९३ च्या एफजीएलएम रीतीनं लेक्समध्ये बदला. त्याचा खर्च चलसंख्या गुणिले उकलींचा घन. १०२४ उकलींना हे जमतं. १० लाख उकली आणि २० चल असले तर सेकंदाला १०० कोटी क्रिया धरूनपण सहाशेहून जास्त वर्षं. पायरी २ मधला आकडा का एवढा महत्त्वाचा ते इथं कळतं. फक्त रिअल उकली पाहिजेत आणि त्या मोजक्या असतील तर एमसॉल्व्ह वापरून बघा, याच कामासाठी आहे. सिम्पाय शिकायला छान, पण मोठी सिस्टिम त्याच्यावर टाकू नका.

उकली हजारोंच्या असतील आणि सहगुणक दशांशात असतील (मोजमापातनं आलेले) तर होमोटॉपी घ्या. सोपी सिस्टिम, समजा क्ष² = १ आणि य² = १, जिच्या उकली माहीत आहेत, ती हळूहळू आपल्या सिस्टिममध्ये बदलत न्यायची आणि प्रत्येक उकलीचा माग काढायचा. जेवढा बेझू किंवा मिक्स्ड व्हॉल्यूम तेवढ्या वाटा, आपल्या रोबोच्या चार वाटांतल्या दोन अनंताकडं जातात आणि दोन कोपरावर येतात. वाटा एकमेकांवर अवलंबून नाहीत म्हणून कॉलेजच्या लॅबमधली वीस मशीनं वाटून घेऊन करता येतं, हे ग्रोबनरला एवढं सहज जमत नाही. बर्टिनी किंवा ज्युलियातलं होमोटॉपी कंटिन्युएशन पॅकेज, दोन्ही फुकट.

आणि एकच उकल पुरत असेल तर न्यूटनची रीत, अंदाजापासून सुरू करून तो फेरीफेरीनं सुधारत जायची. जवळची सुरुवात मिळाली की प्रत्येक फेरीला बरोबर अंक साधारण दुप्पट होतात. सुरुवात कुठनं आणायची हाच खरा प्रश्न, स्टीव्ह स्मेल यांनी १९९८ च्या यादीत तो सतरावा म्हणून ठेवला: सरासरीनं बहुपदी वेळात एक अंदाजे उकल मिळेल का. बेल्ट्रान आणि पार्डो यांनी रँडम आकडे वापरून हो म्हणून दाखवलं, आणि २०१७ मध्ये पिएर लेरे यांनी रँडमशिवाय. वर एनपीचं रडगाणं वाचून घाबरला असाल तर हे ध्यानात ठेवा, सगळ्या उकली मागणं आणि एक मागणं यात एवढं अंतर आहे. रोबोला तर कालची कोपराची जागाच सुरुवात म्हणून द्या, काम झालं.

पायरी ६: आलेलं उत्तर तपासा

नुसतं परत घालून शून्याजवळ येतंय म्हणजे बरोबर, असं नाही. विल्किन्सन यांचा बहुपदी बघा: मुळं १ ते २०, सरळ साधी. त्यात १९ व्या घाताचा सहगुणक −२१०, तो फक्त २ च्या −२३ व्या घाताएवढा, म्हणजे एक कोटीत एकाच्या आसपास, बदलला की दहा मुळं कॉम्प्लेक्स होऊन जातात. तुमचा लेक्स बेसिस शेवटी असाच मोठ्या घाताचा एक बहुपदी देतो, आणि तो साध्या दशांशात सोडवला तर तो सगळा कचरा होऊ शकतो. तो नेमक्या आकड्यांतच ठेवा, रिअल मुळं स्टुर्मच्या किंवा देकार्तच्या नियमानं वेगवेगळ्या अंतरांत पकडा, मग पाहिजे तेवढे अंक काढा. होमोटॉपीची उत्तरं असतील तर इंटरव्हल गणितानं प्रत्येक उकलीच्या भोवती खरंच एक आणि एकच उकल आहे का ते प्रमाणित करून घ्या, ज्युलियाच्या पॅकेजमध्ये ती सोय आहे. आणि उकलींची संख्या पायरी २ च्या आकड्याशी जुळवा. कमी आल्या तर अनंतावर किती गेल्या ते मोजा, दोन्हींची बेरीज लागत नसेल तर कुठलीतरी वाट मधेच तुटलीय, स्टेप बारीक करून तेवढीच वाट परत चालवा.